काळ्या पडद्यावरची शिट्टी

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही खरी ध्वनिमुद्रणाची. पानावर ‘रीळ’, ‘वेळ’, ‘शेरा’ असे तीन रकाने छापलेत. निवृत्तीच्या दिवशी अशा चार कोऱ्या वह्या मी घरी आणल्या, म्हणजे उचलल्याच म्हणा. सहा वर्षं त्या तशाच पडून होत्या, कारण शेरा मारावा असं काही घडलंच नाही. आज घडलंय.

आमचा तो अंतराळयानाचा सिनेमा घरी बघायच्या डिस्कवर निघतोय. एकतीस वर्षांनी. डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या मालकाचा फोन होता. हल्ली फोनवर सगळेच तोंडात सुपारी धरल्यासारखे पुटपुटतात, त्यामुळे शेवटी हिने फोन घेतला आणि एकेक वाक्य मला मोठ्याने सांगितलं. आजकालच्या पोरांना म्हणे हा सिनेमा फार आवडतो. पुठ्ठ्याची यानं, रंगवलेले तारे, सगळंच आवडतं. तेव्हा मात्र तिसऱ्या दिवशी टॉकीजकडे कुत्रं फिरकलं नव्हतं.

का फिरकलं नाही, ते मला ठाऊक आहे. सिनेमाच्या शेवटी यानातली बाई एकटी उरते. यान ग्रहाच्या सावलीत शिरतं आणि पडदा काळा होतो. चाळीस सेकंद नुसता काळा. त्या काळ्यात एक बारीक शिट्टी वाजते, तीनदा. तिच्या सुटकेच्या यंत्राची शिट्टी. ती ऐकली तर बाई जगली, नाही ऐकली तर मेली. अख्खा सिनेमा त्या तीन शिट्ट्यांवर टांगलेला.

ती शिट्टी मी केली. हिने पातळ काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवलं, मी तो आवाज टेपवर घेतला आणि वेग दुप्पट, परत दुप्पट, परत दुप्पट करत सुईसारखा बारीक केला. स्टुडिओतल्या भारी स्पीकरवर माझ्या छत्तीस वर्षांच्या कानांना तो लख्ख ऐकू आला, म्हणून सगळ्या जगाला येणार असं मी धरून चाललो. टॉकीजच्या कर्ण्यांना एवढा बारीक आवाज पेलत नाही हे मला पहिल्या खेळाला कळलं. लोकांनी काळा पडदा बघितला, बाई मेली असं समजले आणि तोंडं पाडून घरी गेले.

कप्तान शेजारीच बसला होता. कप्तान म्हणजे दिग्दर्शक, सेटवर सगळे त्याला हेच म्हणायचे. तो वळून एवढंच म्हणाला, “काढलीस ना शेवटी?” कारण बाई मरावी म्हणून मीच महिनाभर त्याच्याशी भांडत होतो. मेलेली बाई लोकांच्या लक्षात राहते, असं माझं तेव्हा म्हणणं. त्याला वाटलं, शेवटच्या दिवशी मी गुपचूप शिट्टी पुसून टाकली. मी पत्रं लिहिली, कर्ण्यांचं समजावलं. उत्तर नाही. एकतीस वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

पण अख्ख्या सिनेमाच्या आवाजाची मूळ टेप माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, आणि आताच्या घरातल्या टीव्हीला तेवढा आवाज सहज पेलतो. आता ऐकवतोच त्याला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

टेप घेऊन कंपनीत गेलो. आवाजाचं काम एका बाईंकडे आहे. चाळिशीच्या असतील, एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर. मी मनात नाव ठेवलं चष्मेवाली. टेप हातात घेताच म्हणाली, काका, ही चिकट झालीय, आधी शेकावी लागेल. जुनी टेप मंद आचेच्या कपाटात दहा तास ठेवतात, मग ती एक-दोनदा न चिकटता वाजते. आच जास्त झाली की वरचा थर सुटून येतो आणि कारभार आटोपतो. मी तिला स्पष्ट सांगितलं की त्या टेपवर माझी अब्रू आहे. ती हसून म्हणाली, माझ्यावर सोडा. असं म्हणणाऱ्यांची मला फार भीती वाटते.

मालकाने दोन गोष्टी सांगितल्या. आवाजाला माझी सही झाल्याशिवाय डिस्क छापायला जाणार नाही. दुसरी, कप्तान अंथरुणाला खिळलाय. डॉक्टरांनी हात टेकलेत. डिस्क निघेपर्यंत टिकला तर टिकला.

येताना औषधाच्या दुकानात भांडण. नातीला ताप होता म्हणून नवा थर्मामीटर आणला, तो वाजतच नाही. परत देऊन दुसरा आणला, तोही मुका. हल्ली वस्तूच अशा काढतात. गॅलरीत यंदा चिमण्यासुद्धा आलेल्या नाहीत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शिट्टी नाही.

एक तास बावन्न मिनिटं मी हेडफोन लावून बसलो होतो. दारांची धडधड, इंजिनाची घरघर, बाईचा श्वास, सगळं जिथल्या तिथे. मग काळा पडदा. चाळीस सेकंद. संपलं.

मी म्हटलं, परत लाव. तिने परत लावलं. पाच वेळा लावलं. ती म्हणते, आहे की काका, तीनदा वाजली. सरळ तोंडावर सांगते. भाजताना वरचा थर उडाला आणि आता अंगाशी येतंय म्हणून दडपून सांगतेय, दुसरं काय. नाचता येईना अंगण वाकडं. मी तिला तिथल्या तिथे खोटारडी म्हणालो. तिने नुसता चष्मा काढून पुसला. खरं असतं तर भांडली नसती का?

बुधवार, १२ फेब्रुवारी

दिवसभर एकच विचार. समजा तिने काही केलं नसेल. समजा टेपवर शिट्टी आधीपासूनच नव्हती.

त्या शेवटच्या दिवशी स्टुडिओत मी एकटा होतो. कप्तान जेवायला गेला होता. माझा हात शिट्टी पुसायच्या बटणावर गेला होता हे खरं आहे. गेला होता आणि मी मागे घेतला, अशी माझी आठवण. पण एकतीस वर्षं एखादी गोष्ट स्वतःला सांगत राहिलं की ती आठवण राहते का? देवा, मीच पुसली असेल तर?

हिला विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही भांडाल, पण पुसणार नाही.” हे मोठ्याने म्हणाली. हल्ली ही सगळंच ओरडून बोलते, चिडचिडी झालीय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पुन्हा कंपनीत. चष्मेवालीने आज नवीनच थेर काढलं. आवाज आला की बोट वर करा म्हणाली, माझ्या कानांना हेडफोन लावले आणि माझ्याकडे पाठ करून बसली. सुरुवातीला दोन-तीनदा केलं. मग मी नुसता वाट बघत बसलो. पाच मिनिटं झाली तरी ही काही सुरू करेना. शेवटी मी विचारलं, लावतेस का आता? तर म्हणते, झालं काका. काय झालं? कप्पाळ?

मग तिने संगणकावर एक चित्र दाखवलं. काळ्या पट्टीत वरच्या बाजूला तीन बारीक रेघा. म्हणते ही बघा शिट्टी. मी म्हटलं, रेघा काय, माझी नातसुद्धा काढेल. शिट्टी ही काय बघायची वस्तू आहे?

मालकाने सांगून टाकलंय, सोमवारी चोवीस तारखेला सकाळी डिस्क छापायला जाणार. नाहीतर सगळं रद्द. कप्तानकडे एक राखीव प्रत असायची. जावं लागणार. कुठल्या तोंडाने जाऊ?

संध्याकाळी चष्मेवालीचा फोन आला, पण माझ्यासाठी नाही. हिच्याशी अर्धा तास बोलत होती. ही आत जाऊन बोलली आणि डोळे पुसत बाहेर आली. विचारलं तर म्हणे कांदा चिरत होते. घरात आज कांदा नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गेलो.

कप्तानच्या सुनेने दार उघडलं. तिला मी कोण ते सांगावं लागलं. तो खिडकीपाशी पलंगावर होता. एवढा आडदांड माणूस, चादरीखाली आहे की नाही कळू नये इतका उरलाय. सून माझ्याशी खणखणीत आवाजात बोलत होती. मशीन कानात घातल्याशिवाय बाबांना ढिम्म ऐकू येत नाही, आणि घातलं की टोचतं म्हणून काढून टाकतात, असं म्हणाली. उशाशी काचेच्या बशीत ते मशीन पडलेलं होतं. तिने ते त्याच्या कानात बसवलं. माझ्या मनात आलं, बिचारा. जन्मभर आवाजाशी खेळलो आपण, निदान माझे कान तरी शाबूत आहेत.

राखीव प्रत मुलाने केव्हाच भंगारात दिलीय. ते ऐकून मी खुर्चीत बसलो. कप्तान माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “आता तरी खरं सांग. काढली होतीस ना? मी रागावणार नाही. रागवायला वेळ नाही माझ्याकडे.”

आठ दिवसांपूर्वी मी छातीठोकपणे नाही म्हणालो असतो. पण आता टेपवर शिट्टी नाही हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मी एवढंच म्हणालो, “आहे ती. डिस्कवर येतेय. तुला ऐकवीन.”

“मग लवकर कर,” तो म्हणाला आणि मशीन काढून बशीत टाकलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

नवी शिट्टी करायची. दुसरा मार्ग नाही. खोटं तर खोटं. त्याने मरायच्या आधी ती ऐकली पाहिजे.

जुना पेला कधीचा फुटला. काल तीन दुकानं पालथी घातली. प्रत्येक पेल्याच्या कडेवर ओलं बोट फिरवून बघत होतो. तिसऱ्या दुकानदाराने विचारलं, आजोबा, पेला हवाय की नवस बोलायचाय? अकराव्या पेल्यात तो आवाज सापडला.

आज दुपारी वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पंप बंद झाल्यावर आम्ही दोघं रेकॉर्डर घेऊन न्हाणीघरात बसलो. तेव्हाही असेच बसलो होतो. हिची बोटं आता सांध्यांत वाकडी झालीत. दुखत असणार, पण तक्रार नाही. फिरवता फिरवता पेला गाऊ लागला आणि मला रडू आलं. वेग वाढवायच्या आधीचा तो आवाज, जाडसर, गोल. तो अजून तसाच आहे.

ही म्हणाली, “आणि ती जुनी खरंच तिथे असली तर?” मी म्हटलं, तूही त्यांना सामील झालीस. तिने पेला धुऊन पुसून ठेवला. एवढा वेळ लावून मी तिला पेला पुसताना कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चष्मेवालीने नवी शिट्टी घेतली. वाद घातला नाही, याचंच नवल वाटलं. तीनदा वेग दुप्पट केला. मी म्हटलं, लाव. काही नाही. आवाज वाढव. काही नाही. अजून. अजून. तिने आपले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मी म्हटलं, तुझ्या बटणाला तळ आहे की नाही? अजून वाढव. शेजारच्या खोलीतला माणूस दार उघडून बघून गेला. शेवटी, अगदी शेवटी, कापड टराटरा फाडावं तसं काहीतरी बारीक मला ऐकू आलं. तीनदा.

ती म्हणाली, “काका, हे लोकांना सहन होणार नाही.” मी म्हटलं, एकतीस वर्षं मी सहन केलंय, लोकांना चाळीस सेकंद काय होतंय? आण तो कागद. सही केली. सहीखाली ‘हाच आवाज कायम ठेवावा’ असंही लिहिलं.

तिने मला घरी ऐकायला एक प्रत दिली. म्हणाली, यावर आधी मूळ टेपचा शेवट आहे आणि मग तुमचा. घरी नातीबरोबर बसून ऐका. नातीबरोबर कशाला, ते काही सांगितलं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

सकाळी नात आली. आठ वर्षांची आहे, यानं वगैरे फार आवडतात. मी मूळ टेपचा भाग गाळून थेट माझाच शेवट लावला. पडदा काळा झाला. आणि पोरगी किंचाळली. दोन्ही कानांवर हात दाबून पलंगाखाली गेली. खालच्या मजल्यावरचा कुत्रा ऊर फुटल्यासारखा भुंकायला लागला. ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि टीव्हीची वायरच उपटली. मला वाटलं पोरीला विंचूबिंचू चावला. मी म्हणालो, अगं काय झालं?

ती रडत म्हणाली, “आजोबा, टोचतंय. डोक्यात टोचतंय.”

थोड्या वेळाने ती शांत झाल्यावर मीच वायर लावली. मूळ टेपचा शेवट लावला, जिथे काही नाही तो. पोरीला म्हटलं, घाबरू नको, यात काही ऐकू आलं तर सांग. पडदा काळा. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. बाराव्या सेकंदाला तिने मान वर केली. “शिट्टी. लांबून येतेय.” मग पुन्हा. मग पुन्हा. “ती बाई आहे का आजोबा? म्हणजे ती मेली नाही?”

मी उठलो, औषधाच्या डब्यातून थर्मामीटर काढला आणि तिच्या काखेत ठेवला. थोड्या वेळाने ती म्हणाली, वाजला. मी म्हटलं, खरंच वाजला? ती म्हणाली, नेहमीच वाजतो, तुम्ही उगाच त्या दुकानदारकाकांना ओरडलात.

मग मी हिच्याकडे बघितलं. हिने मान खाली घातली. किती दिवस, असं विचारलं. ती म्हणाली, दोन वर्षं तरी झाली. दारावरची घंटा तिने जाड आवाजाची बदलून घेतली, मला न सांगता. आणि चिमण्या? चिमण्या रोज येतात, ती म्हणाली, रोज सकाळी तुमच्या खुर्चीमागे कलकलाट असतो.

दोन वर्षं मी जगाला मुकं समजत होतो.

आणि ती सही. उद्या सकाळी आठला डिस्क छापायला जाणार, माझ्या हस्ताक्षरात ‘हाच आवाज कायम ठेवावा’ असं लिहिलेली. घराघरात पोरं किंचाळतील. पहिल्या वेळी सिनेमा मारला तो माझ्याच कानांनी, आता दुसऱ्यांदाही तेच मारणार. कंपनीचा फोन आज रविवारी कोणी उचलत नाही. हिच्याकडून दहादा लावून घेतला. चष्मेवालीचाही बंद. आठच्या आधी दारात उभं राहायचं, एवढंच हातात आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

साडेसहाला कंपनीच्या दारात. पहारेकऱ्याने आत घेतलं नाही. पायरीवर बसलो. पावणेआठला चष्मेवाली आली, मला बघून थबकली. मी हात जोडले. म्हटलं, माझी सही फाड, माझा आवाज काढ, मला ऐकू येत नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो. बोलल्यावर कळलं की ते खरं आहे.

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. म्हणाली, “काका, मूळ टेपच गेली छापायला. शुक्रवारीच. मालकांना फक्त सही झाली एवढंच सांगितलं, तुमचा कागद माझ्या खणात आहे.”

मला आधी संताप आला. माझी सही असताना? हिची एवढी हिंमत? कानामागून आली आणि तिखट झाली, असं ओठांवर आलं होतं. मालकाला कळलं असतं तर तिची नोकरी गेली असती. मग मला आठवलं की मी तिला खोटारडी म्हणालो होतो आणि ती चष्मा पुसत राहिली होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, तुमची शिट्टी फार सुंदर आहे, अशी कोणी करत नाही आता. ती हळू बोलत होती, पण माझ्याकडे तोंड करून. आता लक्षात येतंय की पहिल्या दिवसापासून ती तशीच बोलत होती.

कागद तिने माझ्यासमोर फाडला.

शनिवार, १ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बारीक आवाज गेलेत ते गेले. मशीनने बोलणं सुधारेल, ते नाही येणार परत.

म्हणजे मी पुसली नव्हती, हे आता नक्की झालं. आनंद व्हायला हवा. होत नाही. सगळ्या जगासाठी ती बाई आता जिवंत आहे आणि माझ्यापुरती मेलेली. तिला मारा म्हणून मीच भांडलो होतो. घे, म्हणावं.

कप्तानची तब्येत फार खालावलीय. सून फोनवर म्हणाली, डिस्क कधी येतेय असं दर दोन दिवसांनी विचारतात. त्याला काय सांगू? ती वाजेल तेव्हा माझ्या तोंडाकडे बघेल तो. त्याला जन्मभर माझं तोंड वाचता यायचं. मला ऐकू आली नाही हे तिथे दिसलं की तो समजेल, पुन्हा फसवलं. चाळीस सेकंदांत बारावा सेकंद मी मनातल्या मनात कसा मोजू? काल चारदा घड्याळ लावून बघितलं, चारही वेळा चुकलो.

रविवार, १६ मार्च

डिस्क परवा आली. वरचं चित्र छान आहे, यान आणि मागे काळोख. मागे बारीक अक्षरांत माझंही नाव आहे.

आज दुपारी कप्तानकडे गेलो. मी, ही आणि नात. नातीशी मी आधीच ठरवून ठेवलं होतं. तू माझा हात धरून बसायचं, आणि शिट्टी वाजली की माझं बोट दाबायचं. प्रत्येक वेळी. कोणाला सांगायचं नाही. तिने शपथ घेतली.

कप्तानला उशांना टेकवून बसवलं होतं. बोलणं जवळजवळ बंदच. सुनेने टीव्ही पलंगाच्या पायथ्याशी आणला. दोन तास बसणं त्याला झेपणार नव्हतं, म्हणून शेवटची वीस मिनिटंच लावली. मी पलंगाच्या कडेला, नात माझ्या मांडीला टेकून. यान सावलीत शिरलं. पडदा काळा झाला.

मी पडद्याकडे बघत राहिलो. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग नातीने माझं बोट दाबलं.

मी चेहरा जसा व्हायला हवा तसा केला आणि कप्तानकडे वळून बघितलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता. खाली बघत होता, आमच्या दोघांच्या हातांकडे. दुसऱ्यांदा बोट दाबलं. तो तसाच. तिसऱ्यांदा दाबलं, आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, त्याने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “ऐकू आली. लावली होतीस तर.”

मी म्हणालो, “सांगितलं होतं तुला.”

“बाई जगली,” तो म्हणाला.

मी म्हणालो, हो, जगली. तूच बरोबर होतास, मी चुकीचं भांडत होतो. तो हसला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मग मला म्हणाला, तुलाही छान ऐकू आली ना? मी म्हणालो, लख्ख. त्याने माझ्याकडे बघत माझं मनगट थोपटलं. मग डोळे मिटून पडून राहिला. आम्ही उठलो.

निघताना पाहिलं, त्याचं ते कानातलं मशीन उशाशी बशीतच होतं. सकाळपासून तिथेच पडलं असणार. सून म्हणते ते घातल्याशिवाय त्याला ढिम्म ऐकू येत नाही. सुनांचं काय, काहीही बोलतात. ठरलेल्या क्षणाला मान हलवली त्याने. उघड्या कानांनी ऐकली माझी शिट्टी, तीनही वेळा. वाटेत नातीला हे सांगितलं, तर तिने नुसतं माझं बोट दाबलं.